अनलिमिटेड रिचार्ज आणि अनलिमिटेड फाइव्हजी: नाव एक, माल वेगळा

जळगाव असो की शहादा, मोबाईलच्या दुकानात हा सवाल ठरलेला: “भाऊ, अनलिमिटेड मारेल शे ना, मंग नेट कसं सरनं?” सवाल रास्त आहे. एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना चिकटवलाय आणि काउंटरवरही तो कुणी सोडवून सांगत नाही.

साधा अनलिमिटेड रिचार्ज सगळ्यांना पाठ आहे. कॉल हवे तितके, एसएमएस रोज 100, डेटा रोजचा मोजून: दीड किंवा दोन जीबी. अमर्याद आहे ते फक्त बोलणं. कोटा संपला की वेग बहुधा 64 केबीपीएसवर उतरतो, म्हणजे सेकंदाला 8 किलोबाइट. एक एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. आणि 28 दिवसांच्या पॅकला ‘महिन्याचा’ म्हणणं आता थांबवावं. वर्षात असे 13 रिचार्ज होतात.

अनलिमिटेड फाइव्हजीत डेटा रोजच्या कोट्यात मोजत नाहीत, पण तीन अटींवर. फोन फाइव्हजीचा हवा. पॅक त्यासाठी पात्र हवा. जुलै 2024 च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेलने ही सवलत मुख्यतः रोज दोन जीबी व त्यावरच्या पॅकवर ठेवली. तिसरी अट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: त्या क्षणी फोन फाइव्हजीच्या टॉवरवर असायला हवा. सवलत सिमला किंवा पॅकला सरसकट नाही. फोन फोरजीवर घसरला की वापर रोजच्या दोन जीबीतून कापला जातो, आणि ही घसरण गुपचूप होते.

घर भुसावळला, शेत यावल तालुक्यात, असा माणूस घ्या. घरी फाइव्हजी आहे, मळ्यात फोरजी. सकाळपासून मळ्यात व्हिडिओ पाहिले की दुपारीच कोटा खलास आणि नेट रांगायला लागतं. संध्याकाळी घरी आल्यावर तेच नेट धावतं. तो म्हणतो कंपनी फसवते. प्रत्यक्षात सकाळचा वापर मोजला गेला आणि संध्याकाळचा मोजला गेला नाही, इतकंच. घरातही असं होतं. फाइव्हजीचा मोठा भार 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे आणि ही लहर जाड भिंतीतून नीट आत शिरत नाही. धाब्याच्या घरात ओट्यावर फाइव्हजी आणि मधल्या खोलीत फोरजी, हे म्हणूनच.

म्हणून महाग पॅक मारण्याआधी आठवडाभर बघा. जिथे बसून जास्त नेट वापरता तिथे व्हिडिओ चालू ठेवून वरच्या पट्टीतलं चिन्ह पाहा. फोन नुसता पडून असताना दिसणाऱ्या चिन्हावर भरवसा नको. मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रिफर्ड नेटवर्क टाइप’ फाइव्हजी-ऑटोवर आहे ना, तेही तपासा. जिओचं फाइव्हजी स्टँडअलोन, म्हणजे फोरजीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या पद्धतीचं आहे. सुरुवातीच्या काही फाइव्हजी फोनना ते सॉफ्टवेअर अपडेट केल्याशिवाय पकडता येत नाही.

आता पैशाचं. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर जिओचा 28 दिवसांचा दीड जीबीवाला 299 आणि दोन जीबीवाला 349 झाला. फरक 50 रुपयांचा, वर्षाला 650. घरात फाइव्हजी पक्कं मिळत असेल आणि वायफाय नसेल तर हे 650 डोळे झाकून द्यावेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांवर फोरजीच जेमतेम टिकतं, तिथे मात्र याच पैशात फक्त रोजचा अर्धा जीबी वाढतो. तिथे दीड जीबीवालाच घ्यावा आणि व्हॉट्सअॅपचं मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करावं. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

ज्यांना डेटा लागतच नाही त्यांच्या गळ्यात डेटाचा पॅक मारणं मात्र अन्याय आहे. डिसेंबर 2024 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा निदान एक पॅक ठेवायला लावलं. 84 दिवसांचे असे पॅक साडेचारशे ते पावणेपाचशेच्या घरात आले, जिओचा रोज दीड जीबीवाला तेवढ्याच दिवसांना 799 असताना. आजीच्या बटणाच्या फोनला हाच घ्या. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. ‘फक्त कॉलिंगवाला’ असं स्पष्ट मागा.

केळीच्या मळ्यातली पाण्याची मोटार फोनवरून चालू-बंद करणाऱ्या मोबाईल स्टार्टरलाही हेच लागू. तो कॉल-एसएमएसवर चालणारा असेल तर त्यातल्या सिमला डेटा लागत नाही. अॅपवरून चालणारा असेल तर लागतो. जुना स्टार्टर टूजीचा असेल तर त्यात जिओचं सिम घालू नका. जिओकडे टूजी नाही, त्यामुळे लाइट आली तरी स्टार्टरला कॉल लागणार नाही.