पुराचं गाणं आणि पूरग्रस्तांसाठीचं गाणं

जुलै २०२१ मध्ये म्हादई नदीचं पाणी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरांत शिरलं. त्यावर कोणी गाणं करायचं म्हटलं, तर आधी ठरवावं लागेल: पुराचं करायचं की पूरग्रस्तांसाठीचं? दोन्हींना आपण सरसकट ‘पूरगीत’ म्हणून मोकळे होतो. पण पहिलं पाणी कुठवर चढलं ते सांगतं, दुसरं खिशात हात घालायला लावतं.

पहिल्याचे अस्सल नमुने अमेरिकेतल्या ब्लूजमध्ये, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांत, सापडतात. गायिका बेसी स्मिथच्या ‘बॅकवॉटर ब्लूज’मध्ये पाच दिवसांचा पाऊस आहे, होडीतून निघालेली बाई आहे आणि तिला परतायला घर उरलेलं नाही. कोणाकडे काही मागितलेलं नाही. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुराशी हे गाणं कायमचं जोडलं गेलं. गंमत म्हणजे त्याचं ध्वनिमुद्रण झालं १७ फेब्रुवारीला आणि मिसिसिपीवरचा माउंड्स लँडिंगचा बांध फुटला २१ एप्रिलला! गाण्यामागचा पूर बहुधा १९२६ च्या नाताळातला, नॅशव्हिलच्या कंबरलँड नदीचा. दुसऱ्या नदीकाठच्या लोकांनी तो आपला मानला, एवढंच. ब्लूज गायक चार्ली पॅटनचं १९२९ चं ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ मात्र मिसिसिपीचंच. त्यात तो एकेका गावाचं नाव घेतो आणि उंचावर जायचं तर आपल्याला मज्जाव आहे, हेही सुनावतो. मदतीच्या गाण्याला असली तक्रार परवडत नाही, देणगीदार बिचकतात.

बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं ‘बांगला देश’ दुसऱ्या जातीचं. १९७० चं चक्रीवादळ, पाठोपाठ युद्ध, निर्वासितांचे लोंढे. मग रविशंकरांनी गळ घातली आणि १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये कार्यक्रम झाले. तिकिटांतून सुमारे २,४३,००० डॉलर जमले. मंचावर बहुतेक गाणी आधीचीच, पुराशी संबंध नसलेली. त्यानं काही अडलं नाही. अडलं ते कार्यक्रमाच्या रेकॉर्डच्या पैशाचं, करांच्या घोळात, तेही कित्येक वर्षं.

गोव्यातल्या वास्को शहराचा भजनी सप्ताह मात्र दोन्हींत बसत नाही. १९ व्या शतकाच्या अखेरीस साथ आली, तेव्हा जांबावलीच्या दामोदराचा नारळ आणून अखंड भजन सुरू झालं, असं सांगतात. तिथे ना साथीचं वर्णन, ना निधीचं आवाहन.

काणकोणच्या २ ऑक्टोबर २००९ च्या पुरावर फुगडीची कडवी रचायची असतील, तर पॅटनची वाट धरावी: वाड्यांची नावं घ्यावीत, कोणाचं काय वाहून गेलं ते सांगावं. निधीसाठी मैफल करायची तर लोकांच्या ओठांवरचे अभंग आणि नाट्यपदंच बरी. पुराचं सांगायला निवेदकाला दोन मिनिटं पुरतात.