वनस्पती-तेलाचं वॉश (ऑफसेट छपाई)

ऑफसेट मशीनचे रोलर आणि ब्लँकेट धुवायला पेट्रोल, रॉकेल, थिनर किंवा व्हाइट स्पिरिटच्या जागी जो तेलापासून बनवलेला द्रव वापरतात त्याला वनस्पती-तेलाचं वॉश म्हणतात. खोबरेल, सोयाबीन, पामच्या बियांचं तेल, आणि युरोपात मुख्यतः मोहरीच्या कुळातलं रेपसीड, अशा तेलांपासून ते बनतं. तेल जसंच्या तसं क्वचितच वापरतात, कारण ते जाड असतं आणि मागे चिकटून राहतं, म्हणून तेलातली फॅटी ॲसिडं एखाद्या अल्कोहोलशी जोडून त्याचं एस्टर करतात, ते पातळ होतं आणि शाईत पटकन शिरतं. डेन्मार्क, जर्मनी आणि आजूबाजूच्या देशांत १९८० च्या दशकाच्या शेवटापासून याचे प्रयोग सुरू झाले.

आता छापखाना न पाहिलेल्यांसाठी थोडं. ऑफसेटमध्ये शाई प्लेटवरून (छापायचा मजकूर उमटवलेला पत्रा) आधी रबराच्या ब्लँकेटवर येते आणि तिथून कागदावर उतरते. शाई तेलकट असते, मधाइतकी किंवा त्याहून घट्ट, नुसत्या पाण्याने ती हलत नाही. रंग बदलायचा असला, ब्लँकेटवर कागदाचा भुसा बसला, छपाईत ठिपके दिसायला लागले, दिवस संपला, काहीही झालं तरी मशीनमन चिंधी ओली करतो आणि पुसतो. दिवसातून कितीतरी वेळा. आणि पुसताना हात वॉशमध्ये आणि तोंड रोलरच्या अगदी वर असतं, म्हणजे जे काही उडून जातं ते आधी नाकात जातं आणि मग खिडकीतून बाहेर, खिडकी असलीच तर.

तेलाने शाई निघते यात नवल काही नाही. कोकणात फणस कापायला बसायच्या आधी हाताला आणि विळीला तेल लावतात ते उगाच नाही, फणसाचा चीक पाण्याने आणि साबणाने हलत नाही, तेलाने सुटतो. तसंच हे. विरघळवण्याची ताकद मोजायला कौरी-ब्युटेनॉल नावाचं एक माप आहे, त्यात सोयाबीनच्या मिथाइल एस्टरचा आकडा साधारण ५८ येतो आणि व्हाइट स्पिरिटचा तिशीत-चाळिशीच्या आसपास. म्हणजे ताकदीत हे कमी नाही, उलट थोडं पुढेच आहे. फरक आहे तो उडून जाण्यात. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसलासुद्धा पेट घेईल इतकी वाफ सोडतं, व्हाइट स्पिरिट ४० अंशांच्या आसपास, आणि ही एस्टरं १०० च्या पुढे, बऱ्याचदा १५० च्याही पुढे. खोलीच्या तापमानाला त्यांची वाफ जवळजवळ होतच नाही. याचा सगळा फायदा यातच आहे आणि सगळा त्रासही यातच आहे, ते पुढे येईलच.

हे सुचलं कुठून

उत्तर युरोपात वाफेच्या त्रासाचा हा प्रश्न छापखान्यातून आलाच नाही, रंगाऱ्यांकडून आला. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये ओलाव एक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे थिनरसारख्या विरघळवणाऱ्या द्रवांत, वर्षानुवर्षं काम केलेले कामगार आणि मेंदू-मनाच्या आजारांमुळे लवकर पेन्शनवर गेलेले लोक यांचा संबंध दाखवला. विसरभोळेपणा, चिडचिड, लक्ष न लागणं, थकवा, असं हळूहळू वाढत जाणारं दुखणं. डेन्मार्कमध्ये याला रंगाऱ्यांचा आजार असंच म्हणायला लागले, आणि मग कामगार संघटनांनी हा विषय सोडला नाही.

डेन्मार्कने १९८२ च्या सुमारास एक गंमतीशीर पण फार कामाची पद्धत आणली, एमएएल कोड. डब्यावर दोन आकडे, मध्ये आडवी रेघ. पहिला आकडा सांगतो की हा माल वापरताना निघालेली वाफ मर्यादेच्या खाली आणायला किती हवा लागेल, दुसरा सांगतो की अंगाला लागलं, डोळ्यात गेलं, पोटात गेलं तर किती त्रास. ००-१ म्हणजे सगळ्यात सौम्य. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसालाही दोन डबे शेजारी ठेवून कळतं की कुठला घ्यायचा, आणि नियम असा की कमी आकड्याच्या मालाने काम होत असेल तर जास्त आकड्याचा वापरू नये. (आपल्याकडे थिनरच्या डब्यावर बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ते वाचायला भिंग लागतं, हा वेगळा विषय.) छापखान्यातल्या वॉशला हाच हिशेब लावला की पेट्रोलियमवाली सगळी वर जातात आणि तेलाची एस्टरं खाली राहतात.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपीय समुदायाच्या मदतीने सबस्प्रिंट नावाचा प्रकल्प झाला, हॅम्बर्गमधून चालवलेला, डेन्मार्कचा अनुभव बाकीच्या देशांतल्या छापखान्यांत न्यायचा म्हणून. त्यात नुसती माहितीपत्रकं वाटली नाहीत, माणसं छापखान्यात जाऊन मशीनवर धुवून दाखवत होती. १९९५ मध्ये जर्मनीत छपाई उद्योगाची अपघात विमा संस्था, मालक, मशीन बनवणारे आणि वॉश बनवणारे एकत्र बसले आणि लवकर पेट घेणारी, भरपूर उडणारी वॉश टप्प्याटप्प्याने काढायची असं ठरवलं. मशीन बनवणारा टेबलावर असणं महत्त्वाचं, कारण नवं वॉश वापरलं आणि रोलर फुगला तर वॉरंटीवरून पहिलं भांडण तिथेच होतं.

ओसाकाची गोष्ट

याच्या उलट्या टोकाचं उदाहरण जपानमधलं. ओसाकातल्या एका छापखान्यात प्रूफ (खऱ्या छपाईआधीच्या नमुना प्रती) काढायच्या विभागात काम केलेल्या तरुण पुरुषांना पित्तनलिकेचा कर्करोग झाला, २०१२ मध्ये ते बाहेर आलं. सुरुवातीच्या अहवालात ११ जण होते, निदान झालं तेव्हा वय २५ ते ४५, आणि हा आजार साधारणपणे म्हातारपणी होणारा. प्रूफच्या कामात थोड्याच प्रती काढायच्या आणि प्लेट बदलायची, म्हणजे ब्लँकेट दिवसाला शेकडो वेळा पुसायचं, तेही तळघरातल्या खोलीत, हवा खेळत नाही अशा जागी. पुसायला डायक्लोरोमिथेन आणि १,२-डायक्लोरोप्रोपेन होतं. यातल्या दुसऱ्यावर तेव्हा जपानात खास बंधन नव्हतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये १,२-डायक्लोरोप्रोपेन पहिल्या गटात टाकलं, माणसाला कर्करोग करतं हे नक्की, असा तो गट.

म्हणजे बदल तिथेही झालाच होता. नियमांच्या यादीतली रसायनं कमी करत जे यादीत नाही ते आणलं गेलं, ते लवकर वाळतं, शाई झटकन काढतं, मशीनमनला आवडलं. बदल करताना नव्या मालाचं काय माहीत आहे यापेक्षा त्याच्यावर नियम आहे का एवढंच पाहिलं की असं होतं.

वनस्पतीचं आहे म्हणून चांगलं, हे खरं नाही

हा मुद्दा ठळक सांगायला हवा कारण दुकानात नेमकं याच्या उलट सांगतात, डब्यावर हिरवं पान काढलं की झालं. टर्पेंटाइन हे शंभर टक्के वनस्पतीजन्य आहे, पाइनच्या डिंकापासून, आणि रंगाऱ्यांच्या हाताला त्याने इसब होतं हे फार जुनं आहे. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं डी-लिमोनिन अतिशय छान साफ करतं, वासही सणासुदीचा, पण ते ५० अंशांच्या आतच पेट घेऊ शकतं आणि हवा लागून जुनं झालं की त्यातून जे बनतं त्याने त्वचेला ॲलर्जी होते. ओझोनचा थर वाचवायच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर इलेक्ट्रॉनिक सर्किटं धुवायच्या, ओझोनला मारक अशा सीएफसी-११३ ऐवजी अमेरिकेत लिमोनिनच्या जातीची रसायनं, म्हणजे टर्पीनं, पुढे आली, १९८८ च्या जानेवारीत एटी अँड टी आणि पेट्रोफर्म या कंपन्यांनी तसं जाहीर केलं, ओझोनच्या दृष्टीने ते चांगलंच होतं. पण कामगाराच्या हाताचं गणित वेगळं असतं. तेलाची एस्टरं चांगली का, तर ती उडत नाहीत आणि त्वचेला सौम्य आहेत म्हणून. झाडापासून आली हा योगायोग समजा.

आणि एक घोळ नेहमी होतो, सोया शाई आणि सोया वॉश. सोया शाई ही अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांची गोष्ट, १९८७ मध्ये आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या गॅझेटने ती पहिल्यांदा वापरली. सोया शाईने छापून पेट्रोलने धुणारे छापखाने असू शकतात, आणि वर त्या पुस्तकावर पर्यावरणपूरक असा शिक्काही असू शकतो.

चाचणी कशी करतात

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने छापखान्यांच्या संघटनांबरोबर ब्लँकेट वॉशचा एक मोठा अभ्यास केला, अहवाल १९९७ चा. एकूण ३७ वॉश घेतली, तुलनेसाठी नेहमीचा नॅफ्था (पेट्रोलियमचं वॉश) ठेवला. प्रयोगशाळेत पेट घेण्याचं तापमान, किती भाग उडून जातो, ब्लँकेटचं रबर किती फुगतं, आणि शाई पुसायला किती वेळा घासावं लागतं हे मोजलं. घासण्याचं मोजमाप यंत्राने, कारण माणसाने घासलं तर मन लागतं तसा हात लागतो. जी यात टिकली ती २२ वॉश मग बोस्टन, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन परिसरातल्या १७ छापखान्यांत खऱ्या कामावर दिली. प्रयोगशाळेत पास झालेलं वॉश एका छापखान्यात आवडतं आणि दुसऱ्यात नको होतं, शाई वेगळी, कागद वेगळा, मशीनमनचा हात वेगळा.

मॅसॅच्युसेट्समध्ये १९८९ च्या कायद्याने विषारी रसायनांचा वापर कमी करायला जी संस्था लोवेलच्या विद्यापीठात उभी राहिली तिची प्रयोगशाळाही याच धर्तीवर चालते, कारखान्याने आपला तेलकट भाग पाठवायचा, तिथे तो वेगवेगळ्या द्रवांनी धुवून आधीचं आणि नंतरचं वजन करून मळ किती टक्के निघाला ते सांगतात. जाहिरातीतला मळ वेगळा आणि आपला मळ वेगळा, म्हणून हे बरं.

मशीनवर काय होतं

खरी चाचणी इथे. पेट्रोलने पुसलं की वाळायची वाट पाहावी लागत नाही, दोन हात मारले की मशीन चालू. तेलाचं वॉश वाळतच नाही. ते लावायचं, शाईत मुरायला थोडा वेळ द्यायचा, पुसायचं, आणि मग पाण्याने ओल्या केलेल्या दुसऱ्या चिंधीने परत पुसायचं. हे दुसरं पुसणं राहिलं की ब्लँकेटवर तेलाचा थर राहतो, पुढचे कागद फिके येतात, वेस्टेज वाढतं, आणि मशीनमन म्हणतो हे वॉश बेकार आहे. त्याचं चूक नसतं, त्याला डबा दिला आणि पद्धत सांगितलीच नाही. दुसरी सवय हाताची. पेट्रोल अर्धं हवेत जातं म्हणून चिंधी निथळेपर्यंत भिजवायची सवय असते, तेवढंच एस्टर घेतलं की सगळीकडे तेलच तेल, जमीन घसरडी, माणूस पडला तर सुरक्षित वॉशमुळे पाय मोडला अशी पाळी. याचं थोडंसंच घ्यायचं असतं, म्हणूनच लिटरचा भाव जास्त असून महिन्याचा खर्च तितका वाढत नाही. आणि वासाचं तर विचारू नका, वास नाही म्हणजे दम नाही असं मानणारे खूप, डोकं चढतं तेव्हाच काम होतंय असं वाटतं.

रबराचंही बघावं लागतं. नेहमीच्या शाईचे रोलर बहुतेक नायट्राइल रबराचे, यूव्ही (अतिनील प्रकाशाने वाळणाऱ्या) शाईचे बऱ्याचदा ईपीडीएम नावाच्या दुसऱ्या रबराचे, आणि ईपीडीएम तेलाने फुगतं, तिथे हे वॉश नकोच. आधी रोलरचा कडकपणा शोअर मीटरने मोजून लिहून ठेवायचा आणि काही आठवड्यांनी परत मोजायचा, स्वस्तातलं काम आहे पण कोणी करत नाही. लावायचं तर आधी एकाच मशीनवर, तेही दिवसअखेरच्या रोलर धुलाईपासून, तिथे घाई नसते. रंग बदलताना मधेच ब्लँकेट पुसायचं काम शेवटी घ्यावं, कारण तिथे एकेक मिनिट मोजलं जातं.

महाराष्ट्रातल्या छोट्या छापखान्यांत, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं छापणाऱ्या एक-दोन रंगी मशीनवर, रॉकेल आणि पेट्रोलच चालतं, रॉकेल शाई सोडवायला आणि पेट्रोल शेवटी कोरडं करायला. पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकतं आणि बेंझिन रक्ताच्या कर्करोगाचं नक्की ठरलेलं कारण आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अशा रसायनांच्या हवेतल्या मर्यादा दिल्या होत्या, पण गल्लीतल्या छापखान्यात चार माणसं, कायदा तिथपर्यंत बऱ्याचदा पोचतच नाही. आणि पेट्रोल बाइकच्या टाकीतूनही काढता येतं, एस्टरचा कॅन मागवावा लागतो, हे कारण बाकी सगळ्या कारणांपेक्षा मोठं आहे.

चिंध्यांबद्दल मात्र एक गोष्ट पाठच करायला हवी. द्रव पेटत नाही म्हणून चिंध्या पेटणार नाहीत असं नाही. जवस, सोयाबीन, रेपसीड यांसारख्या असंतृप्त तेलांनी भिजलेलं कापड ढिगात टाकलं की हवेशी संयोग होऊन आतून तापत जातं आणि कोणी काडी न लावता पेट घेऊ शकतं, जवसाच्या तेलाच्या चिंध्यांबाबतीत सुतारांना हे माहीत असतं. खोबरेलाच्या एस्टरला ही खोड फारच कमी. म्हणून वापरलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात, पाणी शिंपडून ठेवायच्या आणि रोज संध्याकाळी बाहेर काढायच्या, शाईच्या कोपऱ्यात किंवा वर्तमानपत्राच्या रद्दीशेजारी टाकायच्या नाहीत.