तंजावर नृत्यपरंपरा

भरतनाट्यम् या नृत्यशैलीची प्रमुख परंपरा. तमिळनाडूतील तंजावर येथे, मुख्यतः भोसले राजांच्या काळात (सु. १६७५–१८५५), दरबार आणि मंदिर या दोहोंच्या आश्रयाने ती आकाराला आली. नर्तन देवदासी करीत. तालीम देणारे नट्टुवनार हे नृत्यगुरू मैफलीत झांजा वाजवून बोलही म्हणत (नट्टुवांगम्). विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे नृत्य सदिर, दासीआट्टम्, चिन्नमेळम् अशा नावांनी ओळखले जाई.

परंपरेचा उगम किती मागे न्यावा, याविषयी मतभेद आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील राजराज चोळाच्या शिलालेखात (सु. १०१४) ठिकठिकाणच्या मंदिरांतून आणलेल्या ४०० नर्तकींची नोंद असून त्यांना घर व भाताचा वाटा नेमून दिलेला आहे. गाभाऱ्याभोवतीच्या वरच्या मजल्यावर भरताच्या नाट्यशास्त्रातील १०८ करणांपैकी (हात, पाय व देह यांच्या एकत्रित नृत्यस्थिती) ८१ करणे कोरलेली आहेत. पुढच्या शिळा कोऱ्याच राहिल्या. यांवरून नृत्याची परंपरा चोळकाळापासून अखंड असल्याचे अनेकदा मांडले जाते. तथापि करणे आणि आजचे अडवू (पदन्यास व हस्तचलन यांचे मूळ घटक) यांच्या बांधणीत बराच फरक असल्याने हे अनुमान जपून स्वीकारावे लागते. त्यापेक्षा तंजावरच्या भोसले वंशातील तुळजाराजाच्या (कार. १७२८–३६) संगीत सारामृत या संस्कृत ग्रंथाचा पुरावा भक्कम वाटतो. त्यातील नृत्तप्रकरणात अडवूंचे वर्णन असून संस्कृत संज्ञांच्या जोडीला नर्तकांमधील चालू नावेही दिली आहेत. प्रत्यक्ष तालमीत रुळलेले तंत्रच येथे शास्त्रात नोंदले गेले असावे.

दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) यांच्या नावावरील मराठी निरूपणे हा या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचा आणि बराच काळ दुर्लक्षित राहिलेला भाग होय. निरूपण म्हणजे एका आख्यानावर रचलेला नृत्यप्रबंध. त्याचे साधारणपणे अठरा भाग असून ते एकाच रागात व एकाच तालात बांधलेले असतात : जयजय, शरणु, अल्लारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, अभिनयपद, तिल्लाना, पुन्हा अभिनयपद, जक्किणी, गीत, प्रबंध, त्रिपुट, श्लोकवर्ण, कवुत व मंगळ. साहित्य मराठी, गायकी कर्नाटक पद्धतीची आणि बोल नट्टुवनारांचे, असा हा मेळ आहे. सरफोजींच्या देवेंद्र कुरवंजी या मराठी रचनेत तर कुरवंजी (भविष्य सांगणारी भटकी स्त्री) जगाचा भूगोल सांगते. सरफोजींची युरोपीय विद्यांची आवड पाहता त्याचे नवल नाही.

तंजावर चौकडी या नावाने प्रसिद्ध असलेले चिन्नय्या (१८०२–५६), पोन्नय्या (१८०४–६४), शिवानंदम् (१८०८–६३) आणि वडिवेलू (१८१०–४५) हे चार बंधू मार्गम् या मैफलीच्या क्रमाचे कर्ते मानले जातात. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, जावळी व तिल्लाना असा हा क्रम. मात्र यांतील बहुतेक घटक निरूपणांत आधीच नावानिशी आढळतात. शिवाय सरफोजींच्या मृत्यूच्या वेळी थोरल्या बंधूचे वयही तिशीच्या आसपासच होते. म्हणून घटक दरबारात रुळलेले होते, निवड, क्रम आणि प्रत्येक रचनेला स्वतंत्र राग देण्याची पद्धत ही चौकडीची कामगिरी, हे मत अधिक ग्राह्य दिसते. घटकांची देवघेव उलट दिशेनेही झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पुढे वडिवेलू त्रावणकोरला तेथील राजे स्वाती तिरुनाळ यांच्याकडे आणि चिन्नय्या म्हैसूरला गेले. परंपराही त्यांच्याबरोबर पसरली.

वर्णम् हा मार्गम्‌चा गाभा. त्यात साहित्याच्या ओळीवर नायिकेचा भाव पुनःपुन्हा, दर वेळी निराळ्या छटेने उलगडला जातो. मधेमधे नट्टुवनार तीर्मानम् (तालबद्ध बोलांची आवर्तने) म्हणतो व नर्तकी अरैमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धे बसून) शुद्ध नृत्त (अभिनयाविना केवळ तालबद्ध नर्तन) करते. तालमीत मात्र झांजांऐवजी लाकडी ठोकळ्यावर दांडक्याने ताल धरतात.

१८५५ मध्ये राज्य खालसा झाल्यावर कलावंत पांगले. चौकडीच्या वंशातील मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै (१८६९–१९५४) यांच्यामुळे पंदनल्लूर बाणी (नृत्यशैली) नावारूपाला आली. रुक्मिणीदेवी अरुंडेल त्यांच्याकडे शिकल्या. चौकडीच्याच वंशातील कंदप्पा पिळ्ळै यांच्या शिष्या बालसरस्वती (१९१८–८४) यांनी अभिनयप्रधान अंग जपले. वळुवूर ही आणखी एक बाणी. मद्रास प्रांतात १९४७ च्या कायद्याने देवदासी अर्पण करण्यास बंदी आली. तोपर्यंत भरतनाट्यम् हे नाव रूढ होऊन नृत्य सभागृहांत स्थिरावले होते. या स्थित्यंतरात मूळ कलावंत समाजाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न अभ्यासकांनी अलीकडेच गांभीर्याने घेतला आहे.

मराठी मुलखाशी या परंपरेचा संबंध दोन वाटांनी पुन्हा जुळला. सयाजीराव गायकवाड यांचा १८८० मध्ये तंजावरच्या राजघराण्यातील लक्ष्मीबाई (पहिल्या चिमणाबाई) यांच्याशी विवाह झाला, तेव्हा नर्तकींचा ताफाही बडोद्यास आला. पुढे तंजोरकर घराण्याने तेथे ही विद्या शिकवली. मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील सरफोजींच्या निरूपणांवर नृत्यरचना करून ती रंगमंचावर आणली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी शहाजी (कार. १६८४–१७१२) व इतर भोसले राजांच्या रचनांचा अभ्यास पुण्यात पुढे चालवला.