पालच्या जंगलातली उन्हाळी चक्कर: मजा नाही आली तरी चालतं!

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवशीचे मांडे आणि आमरस अजून पोटात जड असताना, पहाटे साडेपाचला पालच्या जंगलात चालायला गेलो. रावेर तालुका, सातपुडा, यावल अभयारण्याचा भाग. सोबत गावातले एक बाबा होते, त्यांनी दहाव्याच मिनिटाला टोकलं, "भाऊ, बूट कमी आपटा ना, मोर पळून जातील."

आता हिरवंगार जंगल वगैरे डोळ्यासमोर आणू नका. सागाला पान नाही, खाली वाळक्या पानांचा खच, पाऊल टाकलं की कुरुम कुरुम. सागाचंही बरोबरच आहे म्हणा, पानांच्या बारीक छिद्रांतून पाणी उडत राहतं आणि जमिनीत पाणी उरलेलं नसतं, मग पान ठेवून करायचं काय, दुकान बंद करायचं आणि पावसाची वाट बघायची. अंजन मात्र उलट्या डोक्याचा, एप्रिलच्या उन्हात त्याला तांबूस कोवळी पालवी फुटते, आपट्यासारखी जोडपानं.

तर अशा भकास रानात डोकं शांत कशाने होतं? जपानच्या वनखात्याने 1982 मध्ये 'शिनरिन योकू' हा शब्द आणला, म्हणजे वनस्नान, आणि तेव्हापासून झाडांच्या वासातल्या रसायनांवर भरपूर लिहून आलंय. मला ते फारसं पटत नाही, त्यातले बरेच प्रयोग अगदी मोजक्या लोकांवरचे आहेत.

त्यापेक्षा मला 2008 चा एक प्रयोग जास्त आवडतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी 38 विद्यार्थ्यांना एकदा झाडांच्या बागेत आणि एकदा शहराच्या रस्त्यांवर, जवळपास तासभर चालवलं. आधी आणि नंतर एक टेस्ट, आकडे ऐकायचे आणि उलटे म्हणून दाखवायचे. झाडांतून आल्यावर टेस्टमधले मार्क वाढले, रस्त्यावरून आल्यावर तसे काही वाढले नाहीत. आणि खरी गंमत पुढे आहे, काही जण भर जानेवारीत चालले होते, तिथल्या थंडीत, त्यांना ते चालणं काही आवडलं नव्हतं, तरीही फायदा तेवढाच! म्हणजे मूड चांगला झाला म्हणून डोकं चाललं असं नाही.

या टीममधले स्टीफन कॅप्लन आधीपासून सांगत होते की लक्ष दोन प्रकारचं असतं. एक आपण जोर लावून धरतो, जळगावच्या हायवेवर गाडी चालवताना धरतो तसं, ते थकतं. दुसरं आपोआप जातं, तांबट पक्ष्याच्या टुक-टुककडे, पावशाच्या 'पेरते व्हा'कडे, त्याला कष्ट नाहीत, आणि तेवढ्या वेळात पहिलं आराम करून घेतं. 2015 मध्ये स्टॅनफर्डच्या ग्रेगरी ब्रॅटमन यांनी मेंदूचे स्कॅन काढून पाहिलं तर निसर्गात 90 मिनिटं चालल्यावर तेच ते वाईट विचार रवंथ करण्याशी जोडलेला कपाळामागचा एक भाग थंडावलेला दिसला. शहरातल्या रस्त्याकडेने चाललेल्यांमध्ये तसं दिसलं नाही.

पण थंडी वेगळी आणि आपला उन्हाळा वेगळा हो. पारा 44 ला टेकला की शरीराचा सगळा जोर स्वतःला गार ठेवण्यातच जातो, तिथे लक्षाला आराम कुठून मिळणार. म्हणून सुरुवात पहाटेच करायची, आणि शक्यतो नाल्याकाठी जायचं. तिथे उंबर, जांभूळ, करंज यांची मुळं ओलाव्यापर्यंत पोचलेली असतात, ती पानं झाडत बसत नाहीत, पाणी उडवत राहतात. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 24 लाख ज्यूल उष्णता लागते, म्हणजे हजार वॅटची शेगडी चाळीस मिनिटं चालवावी तेवढी, आणि ती पानातून अन् भोवतालच्या हवेतून खेचली जाते. आपल्या घरातल्या वाळ्याच्या कूलरचं तत्त्व हेच, फक्त इथे पंपाचं बिल येत नाही.

सात वाजता आम्ही एका उंबराखाली बसलो. मी खिशातून मोबाईल काढला तर रेंजच नाही, बाबा हसले आणि बिडी न पेटवताच नुसती तोंडात धरून बसले, उन्हाळ्यात वणव्याची भीती म्हणून. मग अर्धा तास कोणीच काही बोललं नाही. साडेआठला दगड तापायला लागले तसे ते उठले, "चला भाऊ, आता जंगल झोपीन."