गिटारचा नेक आणि एका मिलिमीटरचा हिशेब

नांदेड-लातूरला बसून ऑनलाइन इलेक्ट्रिक गिटार मागवायची, तर चार गिटारी हातात धरून बघायची सोय बहुधा नसते. मग ‘नट ४२ मिमी’ की ‘४३ मिमी’ यावर काथ्याकूट सुरू होतो. आकडा खरा असतो, पण एकटा तो फारसं सांगत नाही.

नेक म्हणजे गिटारचा लांब दांडा आणि नट म्हणजे त्याच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा पाडलेली पट्टी. फेंडर कंपनीच्या जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) मॉडेलला ती सुमारे ४२ मिमी रुंद असते, आधुनिक स्ट्रॅटला ४२.८, गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलला ४३. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला ५२च्या आसपास.

आता हिशेब. कडेच्या तारेचा मध्य काठापासून साधारण ३.५ मिमी आत धरला, तर ४२च्या नटवर पहिल्या ते सहाव्या तारेत ३५ मिमी उरतात, ४३वर ३६. तारांमधली अंतरं पाच. वाढलेला मिलिमीटर वाटला की प्रत्येकी फक्त ०.२ मिमी. खाचा कशा पाडल्यात यानं याहून जास्त फरक पडतो. मध्यापासून मध्य सरसकट ७ मिमी ठेवलं, तर १०-४६च्या सेटमध्ये (पहिली तार इंचाच्या १० हजारांश, सहावी ४६ हजारांश जाड) पाचवी-सहावीतली मोकळी जागा ६ मिमीच्या जरा आत येते आणि पहिली-दुसरीतली ६.७ होते. म्हणून चांगला कारागीर मध्य नाही, मोकळी जागा सारखी करतो.

हाताला जाणवते ती मुख्यतः जाडी. आयबानेझ कंपनीच्या विझार्ड-३ नेकचा नट लेस पॉलइतकाच, ४३ मिमी. पण पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवर आडवी बसवलेली धातूची पट्टी) जाडी १९ मिमी. १९५०च्या दशकातल्या घाटाच्या लेस पॉलला तिथेच २२च्या आसपास भरते. जाहिरातीत रुंदी ठळक असते, जाडी शोधावी लागते.

नट बदलताना ठरलेली चूक म्हणजे ४३चा तयार नट आणून ४२च्या नेकला दोन्ही बाजूंनी घासून बसवणं. खाचा जागच्या जागी राहतात, काठ कमी होतो आणि पहिली तार ओढताना फ्रेटवरून खाली घसरते. नटच्या रुंदीसोबत खाचांमधलं अंतरही मोजून घ्या. फूटपट्टी इथे कामाची नाही, व्हर्निअर कॅलिपर लागेल. कुठल्याही लेथवाल्याकडे तो असतो. ब्रिजचंही, म्हणजे तारांचं खालचं टोक जिथे टेकतं त्या भागाचंही तसंच: जुन्या स्ट्रॅटच्या ब्रिजवर तारा ५६ मिमीत पसरतात, बऱ्याच नव्या ब्रिजवर ५२.५. अदलाबदल केली की शेवटच्या फ्रेटांवर कडेच्या तारा काठाच्या फार जवळ किंवा फार आत येतात.

आपल्याकडे यात उन्हाळ्याची भर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आडवं आकसतं, फ्रेटची धातूची तार मात्र तेवढीच राहते. नेक दशांश मिलिमीटरांतच अरुंद होतो, पण फ्रेटची टोकं हाताला खुपायला तेवढं पुरतं. मागवलेली गिटार आधी दोन-तीन आठवडे घरात ठेवा. मग तारा उतरवा, लाकडावर मास्किंग टेप लावा आणि बारीक कानस नेकच्या लांबीनं चालवून टोकं काठाशी बरोबर करा. शेवटी प्रत्येक टोकाची धार मोडा. लाकूड उघडं पडेपर्यंत घासू नका. पावसाळ्यात लाकूड फुगून टोकं किंचित आत जातील, तेव्हा काही करावं लागत नाही.