कुष्ठव्रणांसाठी जैवपदार्थांची ड्रेसिंग

कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळपायावर ज्या जखमा पडतात आणि महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे भरत नाहीत, त्या झाकण्यासाठी कोलॅजेन, अल्जिनेट, कायटोसान, अ‍ॅम्निऑन, फायब्रिन अशा सजीवांपासून मिळणाऱ्या किंवा शरीराच्या ऊतींना मानवणाऱ्या कृत्रिम पदार्थांपासून बनवलेली आवरणे वापरली जातात. त्यांना जैवपदार्थांची ड्रेसिंग म्हणतात.

ही जखम जंतू मांस कुरतडतो म्हणून होते, हा समज जुना आणि चुकीचा आहे. पायाच्या मज्जातंतूंना, विशेषतः घोट्याच्या आतील बाजूने तळव्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूला, इजा झाली की तळव्याची संवेदना हरपते, घाम येणे थांबल्याने कातडी कोरडी पडून भेगाळते आणि बोटे वाकडी झाल्याने चवड्यावर शरीराचा भार एकवटतो. वेदनेचा इशाराच नसल्यामुळे माणूस त्याच जागेवर चालत राहतो. तमिळनाडूतील वेल्लोर येथे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात केलेल्या कामातून हे स्पष्ट झाले. त्यामुळेच बहुऔषधोपचाराने, म्हणजे अनेक औषधे एकत्र देऊन, जंतू नष्ट होऊन रोग बरा झाला, तरी बधिरता राहते आणि तिच्यासोबत व्रणही उद्भवत राहतात.

जखम उघडी ठेवून वाळवावी, ही समजूत जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरील प्रयोगांतून खोडून काढली. ओलावा टिकवला तर नवी त्वचा अधिक वेगाने पसरते, असे त्यांना आढळले. आजची बहुतेक आवरणे याच तत्त्वावर आधारलेली आहेत. कोरडे गॉज मात्र जखमेला चिकटते आणि काढताना नव्याने आलेले मांसांकुर ओरबाडून नेते. तपकिरी समुद्री शैवालापासून मिळणारे कॅल्शियम अल्जिनेट जखमेतील स्रावाशी आयनांची देवाणघेवाण करून जेलसारखे होते, म्हणून ते फार पाझरणाऱ्या जखमेला उपयोगी पडते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून बनणारे कायटोसान रक्तस्राव थांबवते आणि काही प्रमाणात जंतूंची वाढ रोखते. कोलॅजेन, म्हणजे त्वचेला बांधून ठेवणारे प्रथिन, याचे कार्य निराळे आहे. जुनाट जखमेत ऊती विरघळवणारी विकरे (एन्झाइम) जास्त साचतात आणि नवी बांधणी होताच ती मोडून टाकतात. बाहेरून ठेवलेले कोलॅजेन स्वतः त्या विकरांच्या तोंडी जाते आणि नव्या पेशींना पसरण्यासाठी मांडवही पुरवते.

या क्षेत्रात मुंबईतील काम उल्लेखनीय आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या ऊतिपेढीत दान मिळालेले अ‍ॅम्निऑन, म्हणजे गर्भाभोवतीचे पातळ पटल, सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलमध्ये, किरणोत्सर्गामुळे जेल बांधले जाणे आणि निर्जंतुक होणे एकाच वेळी घडते. फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारे तंतुमय प्रथिन, यासाठी तर कारखानाही लागत नाही. रुग्णाचेच रक्त गोठणरोधक न घालता सेंट्रिफ्यूज या यंत्रात वेगाने फिरवले की प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींनी युक्त असा फायब्रिनचा गठ्ठा तयार होतो. तो दाबून पातळ पडदा करतात आणि जखमेवर बसवतात. साधे यंत्र व प्रशिक्षित कर्मचारी एवढ्यावर हे भागत असल्याने जिल्हा पातळीवरील रुग्णालयांना ही पद्धत परवडण्याजोगी आहे.

तरीही पायावरचा भार उतरवला नाही, तर यातील सर्वांत महाग आवरणही वाया जाते. मृत ऊती आणि कडेचा घट्टा खरवडून काढणे, प्लास्टरचा साचा किंवा मायक्रोसेल्युलर (सूक्ष्म पोकळ्यांच्या मऊ) रबराची चप्पल वापरणे आणि विश्रांती घेणे हा उपचाराचा पाया आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला नेमकी विश्रांतीच परवडत नाही, ही अडचण मात्र कोणत्याही आवरणाने सुटत नाही. हाडापर्यंत संसर्ग पोहोचला असेल, तर हवाबंद आवरण टाळावे लागते. अनेक वर्षांच्या व्रणाच्या कडा फुलकोबीसारख्या वाढू लागल्या, तर त्यात कर्करोग उद्भवल्याची शंका घेऊन नवे ड्रेसिंग लावण्याआधी ऊतीचा तुकडा तपासणीस पाठवावा लागतो.