खुब्याचं हाड मोडलं तर 'आधी ताकद येऊ द्या'?

सोलापुरात आजी न्हाणीत घसरल्या की घरात हमखास एक फॉरवर्ड येतो: 'या वयात ऑपरेशनची घाई नको, आठ-पंधरा दिवस पडून राहू द्या, अंगात ताकद येऊ द्या.'

काळजीपोटीच कुणीतरी लिहिलेलं असतं. पण इथे पडून राहण्याने ताकद येत नाही, जाते. खुबा मोडलेलं माणूस कुशीवर वळू शकत नाही. मग पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात, लघवीचा संसर्ग होतो. त्यात आपल्याकडचा मे महिना असेल तर अंगातलं पाणी कमी पडून गोंधळलेपणा वाढतो तो वेगळाच. म्हणून तब्येत झेपणारी असेल तर साधारण 48 तासांच्या आत शस्त्रक्रिया करावी, असं जगभरच्या बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. बहुतेकदा कमरेखालचा भाग बधिर करूनही ती होते.

थांबणं कधीच योग्य नसतं असं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयाचे ठोके फार बिघडले असतील, हिमोग्लोबिन खूप खाली असेल, तर ते आधी सावरावं लागतं. पण तिथे कारण ठरलेलं असतं आणि वेळही.

पडताळायचं असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: 'नेमकं काय सुधारायची वाट बघतोय, आणि त्याला किती तास लागतील?'

आणि हो, पडल्यावर पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, तर मालीशवाल्याकडे नको. आधी एक्स-रे.